पुरासाठी पावडर ड्रिंकचा साठा: १० वर्षांचं सोडा, एक पावसाळा नीट काढा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. घर चिपळूणला, जुलै २०२१ च्या पुरात तुम्ही सगळे वरच्या मजल्यावर अडकला होता, दूध नाही, प्यायचं पाणी जेमतेम, लाइट नाही. आता अमेरिकेतल्या लोकांचे साठवणुकीचे व्हिडिओ बघून तुम्हाला १० वर्षं टिकेल असा पावडरींचा साठा करायचाय. यादी अशी आहे: फुल क्रीम मिल्क पावडर, टँग, हॉर्लिक्स, ग्लुकॉन-डी, चहाचं प्रीमिक्स. घरात सासूबाई इन्सुलिनवर, एक ७ वर्षांचा मुलगा, एक ५ महिन्यांचं बाळ आणि तुम्ही दोघं. कुठलं घेऊ, कशात भरू आणि पुराचं पाणी लागलेली पाकिटं धुऊन वापरता येतात का, एवढंच विचारलंय.

मी बरीच वर्षं दूध पावडरच्या प्लांटला क्वालिटीत काढलीत, नंतर पावडर पॅकिंगचंच काम केलं, त्यामुळे सरळ सांगतो. १० वर्षांचं खूळ डोक्यातून काढा. तुमच्या यादीतल्या पाचपैकी एकही वस्तू कोकणात १० वर्षं राहणार नाही, आणि राहायची गरजही नाही. आपल्याकडे पूर कधी येतो ते माहितीये, जून ते सप्टेंबर. म्हणजे आपली आजी-पणजी आगोटीची बेगमी करायची तेच करायचंय, मे महिन्यात भरायचं आणि दिवाळीपर्यंत संपवायचं, फक्त मिरची-मसाला-सुक्या मासळीच्या जोडीला चार पावडरी आल्या.

त्या व्हिडिओंचं गणित चुकीचं नाहीये, ते तिकडचं आहे. अमेरिकेत मॉर्मन चर्चचे लोक घरोघरी वर्षाचा साठा ठेवतात आणि युटा राज्यातल्या ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीत अशा जुन्या डब्यांवर अभ्यास झालाय, त्यातूनच बिनफॅटच्या दूध पावडरीला २० वर्षं हा आकडा आला. पण तो आकडा बंद पत्र्याच्या डब्यातला, आत ऑक्सिजन जवळपास नाही, आणि तापमान २४ अंश किंवा कमी अशा तळघरातला. युटाची हवा कोरडी. तुमच्याकडे मे महिन्यात पत्र्याखालचा माळा ४० च्या पुढे जातो आणि जुलैत हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास. ढोबळ हिशोब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की पावडर खराब होण्याचा वेग दुपटीच्या घरात जातो. मग ते २० वर्षांचं किती उरलं ते तुम्हीच बघा.

आता मुख्य गोष्ट. मिक्स टिकतो तो त्यातल्या सगळ्यात कच्च्या घटकाइतकाच. साखर टिकते, मीठ टिकतं, सायट्रिक ॲसिड टिकतं, तिन्ही कोरडी ठेवली तर वर्षानुवर्षं काही होत नाही. पण त्यात दुधाची फॅट घाला, माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा अर्क घाला, व्हिटॅमिन घाला, फ्लेवर घाला, की त्या पाकिटाची मुदत त्या फॅटवर किंवा त्या माल्टवर ठरते, साखर कितीही टिकाऊ असली तरी. म्हणून माझं सगळ्यांना हेच सांगणं असतं की शक्य तिथे तयार मिक्स घेऊ नका, घटक वेगवेगळे ठेवा आणि लागेल तेव्हा ग्लासात एकत्र करा. याला अपवाद एकच, ओआरएस, त्याबद्दल खाली सविस्तर.

पावडर खराब होते म्हणजे काय होतं तेही सांगतो, कारण ते कळलं की दुकानात उभं राहून तुमचं तुम्हालाच ठरवता येईल. दूध पावडर स्प्रे ड्रायरमधून निघते तेव्हा तिच्यात पाणी ३-४ टक्केच असतं, आणि तिच्यातली दुधाची साखर म्हणजे लॅक्टोज काचेसारख्या अस्थिर अवस्थेत असते, ती हवेतलं पाणी ओढून घेते. एका मर्यादेपुढे पाणी ओढलं की ती साखर स्फटिक व्हायला लागते, आणि स्फटिक होताना आधी ओढलेलं पाणी परत बाहेर सोडते, ते शेजारच्या कणांना मिळतं, मग आधी ढेकळं, नंतर दगड, आणि त्याच ओलाव्यात साखर नि प्रथिनं एकमेकांशी भिडून रंग पिवळट-तपकिरी होतो आणि शिळकट वास येतो. याला आपण सादळणं म्हणतो. दुसरी भानगड फॅटची. फुल क्रीम पावडरीत चौथ्या हिश्श्याहून जास्त फॅट असते, ती ऑक्सिजनने खवट होते, वास जुन्या मेणबत्तीसारखा किंवा ऑइलपेंटसारखा येतो. एकदा खवट झाली की चहात सुद्धा लपत नाही. नुसती ढेकळं असतील, रंग-वास ठीक असेल तर चाळून वापरा काही होत नाही, रंग बदलला आणि वास आला तर टाका.

म्हणून दुधासाठी फुल क्रीम पावडर काढा यादीतून आणि स्किम्ड मिल्क पावडर घाला, जिच्यात फॅट दीड टक्क्याच्या आत असते. पाकिटावर स्किम्ड मिल्क पावडर असे शब्दच असायला पाहिजेत. दुकानदार डेअरी व्हाइटनर देईल आणि "तेच आहे" म्हणेल, तेच नाहीये, व्हाइटनरमध्ये बहुतेक वेळा वरून साखर असते आणि फॅटही कमी-जास्त असते, चहाला उत्तम पण सासूबाईंना ती साखर नको आणि साठवायला ती फॅट नको. क्रीमर म्हणून मिळतं ते तर बऱ्याचदा दूधच नसतं, वनस्पती तेलाची फॅट आणि ग्लुकोज सिरप, मागचं बारीक अक्षरातलं वाचा. स्किम्ड पावडर १०० ग्रॅमला साधारण १ लिटर दूध होतं, एका २०० मिलीच्या ग्लासाला २० ग्रॅम, म्हणजे तीन सपाट टेबलस्पून. चव पातळ लागते हे खरं. मुलाला त्याच दुधात नाचणीची खीर करून वर थोडं तूप सोडा, गेलेली फॅट परत आली, आणि तूप तुमच्या घरात असतंच आणि ते टिकतंही.

घेताना १ किलोचं एक पाकीट घेऊ नका. २०० ग्रॅमची पाच घ्या, थोडी महाग पडली तरी. जुलैच्या हवेत १ किलोचं पाकीट एकदा फोडलं की उरलेलं आठ-पंधरा दिवसांत ढेकूळ, आणि पुरात तुम्ही काय ते घट्ट झाकणाच्या बरणीत काढत बसणार नाही. फॉइलचं पाकीट बघा, आतून चंदेरी. साध्या पारदर्शक प्लास्टिकमधून ओलावा हळूहळू आत जातोच, पाकीट न फोडता सुद्धा, हे लोकांना पटत नाही पण आम्ही प्लांटला याचीच टेस्ट घेत बसायचो.

ओआरएस. हे तुमच्या यादीतच नाहीये आणि माझ्या मते पहिल्या नंबरला हेच पाहिजे. पुरानंतर जुलाब-उलट्यांची साथ ही जवळपास ठरलेली असते, विहिरी आणि नळाच्या लाइनीत घाण शिरलेली असते. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज वगैरेची पावडर पिशव्यांत भरून पाण्यात कालवून पाजायला दिली, आणि मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. पुराच्या घरात ठेवावी अशी याहून कसाला लागलेली पावडर मला माहीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा आत्ताचा फॉर्म्युला १ लिटरला २०.५ ग्रॅमचा: ग्लुकोज १३.५, मीठ २.६, ट्रायसोडियम सायट्रेट २.९, पोटॅशियम क्लोराइड १.५. पाकिटावर हे चार घटक बघा, फ्लेवर असेल तर वजन ग्रॅमभर जास्त भरतं, चालतं.

इथे दोन ठिकाणी लोक फसतात. एक म्हणजे नावाला ओआरएससारखं दिसणारं गोड पेय, टेट्रापॅकमध्ये, ज्यात साखर भरपूर आणि मीठ नाममात्र. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेने, अशा पेयांवर ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली, पण दुकानात नजर ठेवाच, आणि शक्यतो मेडिकलमधून घ्या. दुसरं जास्त धोक्याचं. बाजारात १ लिटरचं मोठं पाकीट मिळतं आणि २०० मिलीचं साधारण ४ ग्रॅमचं छोटं पाकीट पण मिळतं, दोन्ही एकाच डब्यात ठेवलीत आणि रात्री टॉर्चच्या उजेडात १ लिटरचं पाकीट एका ग्लासात कालवलंत तर ते मिठाचं पाणी लहान मुलाला फार वाईट. म्हणून घरात एकच साइज ठेवा, १ लिटरचीच, आणि त्याच्यासोबत १ लिटरची खूण केलेली बाटली त्याच पिशवीत बांधून ठेवा. अर्धं पाकीट आत्ता अर्धं मग असं करू नका, चारही घटक पाकिटात सारखे मिसळलेले राहतीलच असं नाही, वरच्या अर्ध्यात एक आणि खालच्या अर्ध्यात दुसरंच जास्त यायचं. कालवलेलं पाणी २४ तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं. मोठ्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर १०० ते २०० मिली, दोन वर्षांच्या आतल्याला ५० ते १०० मिली, चमच्याचमच्याने. आशाताईंकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ओआरएस फुकट मिळतं आणि मुलांसाठी झिंकच्या गोळ्याही, मे महिन्यात जाऊन विचारा, पूर आल्यावर नाही. मुदत बहुतेक पाकिटांवर दोन-तीन वर्षांची असते, पाकीट आतून मऊ मोकळं लागलं पाहिजे, दगड लागलं तर बदला. पाकीट नसेलच तर १ लिटर पाण्याला साखर सहा सपाट चहाचे चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा, सपाट म्हणजे सुरीने सारखा केलेला. यात पोटॅशियम नाही, पण काहीच नसण्यापेक्षा लाख पटीने बरं.

आणि एक, ओआरएस हे औषध आहे, सरबत नाही. जुलाब नसताना उकडतंय म्हणून दिवसभर पीत बसायचं नाही, विशेषतः बीपीवाल्यांनी.

आता टँग वगैरे संत्र्याच्या पावडरी. वाईट नाहीत, मुलं पितात, आणि पुरात मुलाने पाणी पिणं हेच मोठं काम असतं कारण पाण्याला क्लोरीनचा नाहीतर धुराचा वास येत असतो. पण त्यातलं व्हिटॅमिन सी साठवणीत उतरत जातं, रंग फिका पडतो, आणि साखर नि आम्ल एकत्र असल्याने थोडा जरी ओलावा मिळाला की चिकट गोळा. गोळा होऊ नये म्हणून कंपन्या त्यात आयएनएस ५५१ किंवा ३४१ अशा नंबरचे पदार्थ घालतात, ते निर्धोक असतात पण कोकणच्या पावसापुढे तेही थकतात. त्यापेक्षा स्वस्त आणि पक्कं म्हणजे साखर एका डब्यात, सायट्रिक ॲसिड छोट्या बरणीत, किराणावाला त्याला लिंबू फूल म्हणतो, आणि मीठ आहेच. १ लिटर पाण्याला ८० ग्रॅम साखर, २ ग्रॅम सायट्रिक ॲसिड म्हणजे अर्ध्या चहाच्या चमच्याला कमी, चिमूट मीठ. झालं लिंबू सरबत. ५० ग्रॅम लिंबू फुलात २५ लिटर होतं आणि त्याला साखर २ किलो लागते. सगळं मिसळून ठेवायचा मोह होईल, ठेवू नका, त्याच कारणाने जे वर सांगितलं. जिरेपूड, वेलची घालायची तर ग्लासात घाला. मुलाच्या समाधानासाठी टँगची चार-पाच छोटी पाकिटं ठेवा, ती हौस म्हणून.

ह्याला लागूनच एक महत्त्वाची गोष्ट, जी व्हिडिओत सहसा कुणी बोलत नाही. पाण्यात क्लोरीनचे थेंब किंवा गोळी टाकली की ३० मिनिटं थांबायचं आणि मगच सरबताची पावडर घालायची. टँगसारख्या पावडरीतलं व्हिटॅमिन सी क्लोरीनला मारतं. पावडर आधी घातली तर पाणी छान लागेल पण जंतू तसेच राहतील. उलट ३० मिनिटांनंतर घातली तर तीच पावडर क्लोरीनचा वास घालवते, म्हणजे तेच गुण फक्त क्रम नीट पाहिजे. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवा, निवळू द्या, वरचं पाणी फडक्यातून गाळून घ्या, मग क्लोरीन, गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही. गॅस असेल तर खळखळून उकळा, एक मिनिटभर चांगली उकळी, मग क्लोरीनची भानगडच नको. आणि मुळात पाणीच साठवा आधी. पिण्या-स्वयंपाकाला माणशी रोज तीन लिटर तरी धरा, पाच जणांना दिवसाला १५ लिटर. पावडरी कितीही असल्या तरी पाणी नसेल तर त्या पावडरीच.

हॉर्लिक्स, बोर्नव्हिटा, माल्टवाली सगळी मंडळी साठवणीत सगळ्यात नाजूक. माल्टची साखर इतकी पाणी ओढते की एकदा सील फोडलं की कोकणात महिनाभरात बरणीच्या तळाशी चिक्की. गंमत म्हणजे अंटार्क्टिकात हॉर्लिक पर्वत नावाची रांग आहे, बर्ड या अमेरिकन मोहीमवाल्याने त्याला मदत करणाऱ्या विल्यम हॉर्लिकच्या नावाने ती ठेवली. आता तिकडच्या कोरड्या थंडीत माल्ट पावडर टिकेल हो, तुमच्या चिपळूणच्या वाशिष्ठी नदीच्या काठावर जुलैत कशी टिकावी. मुलाला सवयच असेल तर सिंगल सर्व्ह पाकिटं घ्या, महिन्याच्या वापरातून फिरवत राहा, वेगळा साठा नको. पौष्टिक म्हणून तर अजिबात नको, साखर किती ते मागे बघा, २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना ही पेयं हेल्थ ड्रिंकच्या यादीतून काढा असं सांगितलंच होतं.

बाकीचं पटापट सांगतो. चहाचं प्रीमिक्स म्हणजे साखर, दूध फॅटसकट, आणि चहा, तीन-चार महिन्यांपलीकडे चव उतरते, त्यापेक्षा चहा पावडर आणि स्किम्ड पावडर वेगळी. इन्स्टंट कॉफी छान टिकते, पण चिकोरीवाली लवकर गोळा होते म्हणून तिची एक-एक कपाची पाकिटं. कोको पावडर, बिनसाखरेची, बऱ्यापैकी टिकते. शुगर-फ्री सरबतांत ॲस्पार्टेम असेल तर ते उष्णतेत हळूहळू तुटतं आणि गोडी कमी होते, सासूबाईंसाठी घ्यायचंच तर सुक्रालोजवालं बघा, नाहीतर त्यांना बिनसाखरेचं लिंबू-मीठ पाणी किंवा पातळ ताकच बरं. प्रोटीन पावडर कुणी खात असेल तर खाऊ दे, साठा नको.

ग्लुकॉन-डीबद्दल दोन ओळी जास्त, कारण गैरसमज फार. ते जवळपास सगळं ग्लुकोजच असतं, ओआरएस नाही, जुलाबात नुसतं ते दिलं तर जुलाब वाढू शकतो. पण सासूबाई इन्सुलिनवर आहेत म्हणून एक छोटा डबा तुमच्या घरात हवाच. पुरात जेवण वेळेवर होत नाही आणि इन्सुलिन घेऊन बसलं की शुगर खाली येते, घाम, थरथर, बरळणं सुरू झालं तर तीन सपाट चहाचे चमचे, साधारण १५ ग्रॅम, पाण्यात घालून द्यायचं, १५ मिनिटांनी शुगर परत तपासायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही. पूर येतोय असं दिसलं की डोसाबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा, ते माझं काम नाही.

आपल्या घरच्या पावडरींना लोक विसरतात. नाचणी सत्त्व म्हणजे भिजवून, वाटून, गाळून, वाळवलेलं, ते कडक उन्हात नीट वाळलं असेल आणि मे महिन्यातच घट्ट भरलं असेल तर पावसाळा आरामात काढतं, कारण गाळताना कोंडा आणि बरीचशी फॅट निघून गेलेली असते. नुसतं नाचणीचं पीठ तसं टिकत नाही, त्याला जाळी धरते. सातूचं पीठ मला स्वतःला फार आवडतं, गार पाण्यात गूळ घालून कालवलं की पोटभरीचं, गॅस नसला तरी चालतं, पुरात असलं काही पाहिजेच, पण भाजून दळलेलं असल्याने दोन-तीन महिन्यांत खवटपणा येतो, म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात ताजं करा किंवा आणा आणि ऑगस्टमध्ये संपवा. कोकम आगळ पावडर नाही, पण तुमच्या घरी असणारच, खारवलेलं असल्याने वर्षभर कुठे जात नाही, पाण्यात घालून जिरं-मीठ, आणि त्यात साखर नाही म्हणजे सासूबाईंनाही चालतं, बीपी असेल तर मिठाकडे तेवढं लक्ष. काचेची बाटली मात्र नको, पडापडीत फुटते.

बाळाचं. बाळ ५ महिन्यांचं आहे आणि अंगावर पितंय तर पुरातही तेच चालू ठेवायचं, त्याच्याएवढं सुरक्षित दुसरं काही नाही, तुम्ही पाणी आणि खाणं कमी पडू देऊ नका. पुरात मदत म्हणून फुकटचे फॉर्म्युलाचे डबे वाटले जातात, ते बघून स्तनपान सोडू नका. डॉक्टरांनी मुळातच फॉर्म्युला सुरू करून दिलेला असेल तर तोच ब्रँड, एक जादा न फोडलेला डबा, मुदतीच्या आतला, बास. तो १० वर्षं काय, तारखेच्या एक दिवस पुढेही वापरायचा नाही, डबा फोडला की साधारण महिन्यात संपवायचा. फॉर्म्युला पावडर निर्जंतुक नसते, म्हणून ७० अंशांहून कमी नाही अशा गरम पाण्यात करायचा, मग कोमट करून पाजायचा, म्हणजे त्याच्यासोबत पाणी उकळायची सोय पण साठ्यात धरा. मोठ्यांची स्किम्ड पावडर बाळाला नाही म्हणजे नाही.

आता भरायचं कशात. कंपनीचं फॉइल पाकीट फोडून माइलारमध्ये, म्हणजे व्हिडिओत दिसतात त्या चंदेरी पिशव्यांत, भरू नका, फोडलंत त्या क्षणी तुमच्या घरची हवा आत गेली. पाकिटं तशीच, बंद. सुट्टं जे आणाल, सत्त्व, सातू, सुटी दूध पावडर, ते फॉइल बॅगेत भरा आणि हे काम फेब्रुवारी ते मेच्या मध्यापर्यंत, दुपारी, कोरड्या हवेत करा, पहिला पाऊस पडल्यावर नाही, सातू तेवढा वर सांगितल्याप्रमाणे जूनच्या सुरुवातीला. ऑक्सिजन ॲब्झॉर्बर म्हणजे बॅगेतला ऑक्सिजन शोषणारी लोखंडाच्या भुकटीची पुडी, ती दूध पावडर, सत्त्व, सातू यांना चालते. साखरेत टाकू नका, साखरेचा दगड होतो आणि साखरेला त्याची गरजही नाही, मिठालाही नाही. त्या पुड्यांचं पाकीट एकदा फोडलं की अर्ध्या तासात सगळ्या वापरा, उरलेल्या लगेच घट्ट बरणीत. सिलिका जेल म्हणजे ओलावा शोषणाऱ्या दाण्यांची पुडी ठेवायची तर ॲब्झॉर्बरच्याच बॅगेत नको, त्या पुडीला काम करायला थोडा ओलावा लागतो. जेल बाहेर, मोठ्या डब्यात ठेवा, आणि निळ्या दाण्यांची घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं. घरगुती व्हॅक्यूम मशीनवर पावडर भरली तर ती ओढली जाऊन सीलमध्ये अडकते आणि सील धरत नाही, म्हणून व्हॅक्यूमच्या नादी लागू नका. बॅगेचं तोंड आतून कोरड्या फडक्याने पुसा, लाकडी फळीवर ठेवून इस्त्रीने दाबा, गार झाल्यावर ओढून बघा.

ठेवायचं कुठे हा कोकणात खरा पेच आहे, खाली ठेवलं तर पाणी, माळ्यावर ठेवलं तर पत्र्याचं ऊन. फॉइलला उंदीरही कुरतडतात. त्यावर मला पटलेला उपाय म्हणजे क्लॅम्पच्या झाकणाचा फूड ग्रेड प्लास्टिकचा ड्रम, ३०-४० लिटरचा, केमिकलचा जुना नाही, आत सगळी पाकिटं, वर जेल, झाकण घट्ट. पहिल्या मजल्यावर, आतल्या भिंतीला, पश्चिमेच्या उन्हापासून लांब, आणि दोरीने खिडकीच्या गजाला बांधलेला, कारण पाणी वर आलंच तर तो तरंगत जाणार. स्लॅबचं घर असेल तर जिन्याखालच्या नाही, जिन्यावरच्या कोपऱ्यात.

पाच जणांना आठवडाभराचं म्हणाल तर स्किम्ड पावडर १ किलो, ओआरएस १ लिटरची १२ पाकिटं, साखर २ किलो आणि लिंबू फूल ५० ग्रॅम, मीठ १ पुडा, सत्त्व अर्धा किलो, सातू १ किलो, ग्लुकोजचा छोटा डबा, कॉफीची वीसेक पाकिटं, हौसेचं टँग. सोबत क्लोरीन, तुरटी, मोजायचे चमचे, १ लिटरची खूण केलेली बाटली, कात्री. प्रत्येक पाकिटावर मार्करने मोठ्या अक्षरात महिना आणि वर्ष, कंपनीची छापील तारीख मेणबत्तीच्या उजेडात वाचता येत नाही. नवरात्र झाली की ड्रम उघडा, दूध पावडर दिवाळीच्या गुलाबजाम-बर्फीत घालवा, साखर फराळात, ओआरएस नि ग्लुकोजच्या तारखा बघून घरात बाजूला ठेवा, ड्रम उन्हात उघडा टाकून वाळवा आणि मेपर्यंत रिकामा राहू दे.

शेवटचं विचारलं होतंत की पुराचं पाणी लागलेली पाकिटं धुऊन वापरता येतात का. ड्रम आतून कोरडा असेल तर काहीच प्रश्न नाही, बाहेरून धुवून, पुसून मग उघडा. पण पाकीट स्वतः पाण्यात बुडालं असेल, मग ते फॉइलचं असो, ओआरएसचं असो, की फिरकीच्या झाकणाची बरणी असो, फेकून द्या, शिलाईच्या आणि झाकणाच्या फटीतून काय आत गेलं ते बाहेरून दिसत नाही. फक्त पत्र्याचा कारखान्यातून सीलबंद आलेला डबा, चेपलेला-फुगलेला-गंजलेला नसेल तर, कागद काढून साबणाने धुवून, क्लोरीनच्या पाण्यात १५ मिनिटं ठेवून, वर आत काय आहे ते मार्करने परत लिहून ठेवता येतो.